हात अडकले, तोंड सुटलं

इंदुरात गर्दी कुठेही जमो, मालवा उत्सवातली लालबाग असो की हरतालिकेच्या आदल्या दिवशीचा राजवाडा, मेहंदीवाल्या काकू तिथे आधीच पोचलेल्या असतात. प्लास्टिकच्या दोन खुर्च्या, एक उशी आणि डिझाइनांचा फुगलेला अल्बम. उशी गिऱ्हाइकाच्या कोपराखाली सरकली की ती बाई पुढचा अर्धा तास काकूंच्या ताब्यात.

अल्बम निव्वळ रीत म्हणून. बाई तो उलटसुलट चाळून "हे काढा" म्हणते, काकू "झकास!" म्हणतात आणि आपल्या मनातलंच काढतात. मोर त्यांचा हुकमी. "हलून काय राहिली ग? मोर आहे तो, बदक होऊन जाईल!" हे रामबागेतलं मराठी. पुण्याहून आलेली पाहुणी ते ऐकून दचकते आणि मग बदक होतंच.

हात अडकले की तोंड सुटतं, यावर काकूंचा सगळा धंदा उभा. मनगटापाशी सासू सुरू होते, तळहातावर जाऊबाई, आणि करंगळीपर्यंत येईतो नणंदेचं अडलेलं लग्न. काकू मान वर न करता सुदामानगरातलं एक स्थळ सुचवतात. मेहंदीचे पैसे घेतात, स्थळाचे नाही. मला वाटतं, खरी हौस त्यांना स्थळांचीच.

मालाच्या बाबतीत मात्र कडक. पाला राजस्थानातल्या सोजतचाच. सोजतच्या मेहंदीला २०२१ साली भौगोलिक मानांकन मिळालं, हे त्या अशा सांगतात की अर्ज यांनीच भरला होता. वस्त्रगाळ पूड, निलगिरीचं तेल, रात्रभर भिजवण, कोन घरी वळलेले. कोणी "पाच मिनिटांत चढणारी काळी" मागितली की उसळतात. "ती मेहंदी नाही बाई, केसांचा कलप! हाताला फोड येऊन जातील." वाळलेली मेहंदी झटकायलाही पुढ्यात पिशवी. खाली सांडली तर शहराचा स्वच्छतेचा पहिला नंबर यांच्याच स्टॉलमुळे जाणार, अशी धास्ती.

रंगाचा हिशोब पक्का. रात्री नारिंगी, दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी गडद. तरी कोणी फिके हात घेऊन भांडायला आलीच, तर उत्तर तयार असतं. गडद आली तर नवऱ्याचं प्रेम, फिकी आली तर तूच लवकर धुतली. यात काकू कुठेच सापडत नाहीत.

खरी गंमत पैसे देताना. दोन्ही हात ओले, फोन पर्समध्ये, अंगठ्यावर वेलबुट्टी. फोन उघडणार कसा? भुट्ट्याचा कीस भरवायला उभा असलेला नवरा कामाला लागतो. बाई हळूच आकडा सांगते. तो दाबतो, चुकतो, पुन्हा विचारतो. "अहो, चोवीस-अकरा!"

"हा कसला नंबर?" नवरा म्हणतो.

बाई काही बोलत नाही. काकू कोनाच्या टोकाला टाचणी खोचत विचारतात, "म्हणजे लग्नाची तारीख ना ग? कितवं वरीस?"

"पंचविसावं."

"मग दोन्ही हात कोपरापर्यंत भरू. भिया, ॲडव्हान्स आत्ताच देऊन जा, तुम्ही विसरून जाल."