जिन्यातले संविधान

नागरी मूल्ये लयाला चालली असा शोक करणाऱ्यांनी मूलभूत कर्तव्ये, म्हणजे पाळली नाहीत म्हणून कोणाला थेट न्यायालयात खेचता येत नाही अशी संविधानातील नागरिकांची कर्तव्ये, क्वचितच वाचलेली असतात. १९७६ साली, ऐन आणीबाणीत, ४२ व्या घटनादुरुस्तीने अनुच्छेद ५१-क घालून अशी दहा कर्तव्ये नागरिकांच्या पदरात टाकण्यात आली. हक्क गोठवलेल्या माणसाला कर्तव्याची आठवण देण्याचा हा मुहूर्त सरकारी पंचांगातच सापडू शकतो. स्वर्णसिंग समितीने आठच कर्तव्ये सुचवली होती, पण ती मोडणाऱ्याला शिक्षाही सुचवली होती. संसदेने कर्तव्ये वाढवली आणि शिक्षा गाळली.

सार्वजनिक मालमत्तेचे रक्षण हे त्यांपैकी एक असून, त्याची अंमलबजावणी कचेऱ्यांच्या जिन्यांत देवांकडे सोपवलेली दिसते. पिचकाऱ्यांनी तांबड्या झालेल्या कोपऱ्यात, गुडघ्याच्या उंचीवर, गणपती, साईबाबा, क्रूस आणि काबा यांच्या फरशा ओळीने बसवल्या जातात, आणि नियमाला न जुमानणारा इसम तोंडातला तोबरा सांभाळत, फरशी न बसलेल्या पुढच्या मजल्यावर जातो. उद्देशिकेत ‘धर्मनिरपेक्ष’ हा शब्दही त्याच दुरुस्तीने आला, आणि सर्व धर्मांना समान लेखण्याचे ते तत्त्व इतक्या चोखपणे अन्यत्र कुठे पाळले जात असेल, असे वाटत नाही.

रेल्वेच्या डब्यात थुंकणाऱ्यांविषयीची तक्रार गांधीजींनी काशीतील भाषणात १९१६ सालीच केली होती. तेव्हा ही घसरण नेमकी कोणत्या उंचीवरून झाली, हे शोककर्त्यांनी एकदा सांगावे.