टोटल लॉस आणि छावणीतला लिंब

विमा कंपनीला गणित येत नाही, असं माझं बरेच दिवस ठाम मत होतं. पाच लाखांची गाडी, चार वर्षं उलटून गेलेली. त्या वयाला पन्नास टक्के घसारा जातो, म्हणून पॉलिसीत तिची किंमत उरली होती अडीच लाख. दुरुस्तीचा खर्च या किमतीच्या ७५ टक्क्यांवर गेला की कंपनी गाडीला 'टोटल लॉस' ठरवून मोकळी होते. ७५ टक्के म्हणजे १,८७,५००. शोरूमचं एस्टिमेट आलं २,१०,०००. साडेबावीस हजारांसाठी माझी गाडी मेली!

मारली मीच, पण निमित्त बैल. गुरुवारी छावणीत आठवडी बाजार भरतो, जनावरांचाही. नुकताच विकला गेलेला एक पांढराशुभ्र बैल रस्त्याच्या मधोमध उभा राहून नव्या आयुष्याचा विचार करत होता. त्याला वाचवायला स्टिअरिंग वळवलं आणि गाडी कडेच्या लिंबावर गेली. बैलाने मान वळवूनही पाहिलं नाही. त्याचा मालक मात्र धावत आला. वाटलं, पाणी वगैरे देईल. "सायेब, बैल बुजला ना माझा! आता औताला कसा चालंल?"

सर्व्हेयर सज्जन होता. त्याने दोन वाटा सांगितल्या. गाडी सोडून द्यायची आणि सक्तीचे एक हजार वजा करून २,४९,००० घ्यायचे. नाहीतर सांगाडा ठेवून घ्यायचा. मग त्यावर भंगारवाल्याने लावलेली ७०,००० ची बोलीही वजा होऊन हातात १,७९,०००. "साहेब, पहिलंच करा. गाडीला हात जोडा," तो म्हणाला.

मला त्यात कारस्थान दिसलं. त्यातून मेव्हणा मदतीला. "दाजी, २००५ च्या २६ जुलैला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. बुडालेल्या गाड्या पुन्हा रस्त्यावर आल्याच ना? तुमची तर कोरडी आहे!" कोरडी असणं हा गुण माझ्या गाडीत पहिल्यांदाच कुणाला दिसला होता. मी सांगाडा ठेवून घेतला.

छावणीतल्या उस्तादने गाडीभोवती एक फेरी मारली, बॉनेटवर थाप दिली. "मरी कां है, साब? बेहोश है. नव्वद हजार में खडी कर देतूं." शोरूमच्या निम्म्याहून कमी! एक लाख एकोणऐंशीतून नव्वद गेले की उरलेल्यात काय काय घ्यायचं, याची यादी मी घरी जाऊन केली. हिने ती नीट घडी घालून ठेवून दिली. नंतर वेळोवेळी काढायला.

आत गेलेली चेसी सरळ करायला शोरूममध्ये यंत्र असतं. उस्तादकडे साखळी होती. गाडीचं तोंड साखळीने झाडाला बांधून उलट्या बाजूने ओढायचं. झाड लिंबाचंच. त्या जातीने माझी गाडी आत ढकलली, त्याच जातीने बाहेर ओढली; शहरात यापेक्षा न्यायप्रिय झाड मला ठाऊक नाही. बॉनेट आलं लाल गाडीचं, फेंडर राखाडीचा, मूळ गाडी पांढरी. रंग लागेपर्यंत ती निवडणुकीतल्या आघाडीसारखी दिसत होती.

त्यानंतर उस्तादचं एक वाक्य मला पाठ झालं. "साब, खोले तो मालूम पडा." खोलल्यावर रेडिएटर मालूम पडला, मग एसीचा कंडेन्सर, लोअर आर्म, स्टिअरिंगचा रॅक. शेवटी एअरबॅगा. फुटलेली एअरबॅग घडी घालून परत बसवता येते का, असं मी विचारलं तेव्हा उस्तादचा पोऱ्या पाना टाकून बाहेर जाऊन हसला. ती नवीच घ्यावी लागते. बरोबर सेन्सर बघावे लागतात, कंट्रोल मॉड्यूल बघावं लागतं. नव्वद हजारांत यातलं काहीच नव्हतं. हिशोबाची वही मी दोन लाखांना बंद केली. पुढचे आकडे बघवेनात म्हणून. खर्च थांबला म्हणून नव्हे.

गाडी चालते. फक्त तिला डावीकडे जायचं असतं. अलाइनमेंट किती वेळा केलं, तरी तिचा ओढा कायम आहे. नगर नाक्याकडे सरळ जायचं तर मी स्टिअरिंग थोडं उजवीकडे धरतो. रस्त्याकडेला लिंब दिसला की दोन्ही हातांनी धरतो.

टोटल लॉसचा दावा मिटला तशी जुनी पॉलिसी संपली होती. नव्या कंपनीचा माणूस तपासणीला आला. चारी बाजूंनी फोटो काढले, चेसी नंबरवर कागद ठेवून पेन्सिल घासली, आणि गाडीची किंमत धरली १,२०,०००. त्याचे ७५ टक्के नव्वद हजार. म्हणजे उस्तादच्या पहिल्या अंदाजापेक्षा रुपयाभर जास्त खर्च निघाला, की गाडी पुन्हा टोटल लॉस! विमा कंपनीला गणित येतं.

तुम्ही जुनी गाडी घेणार असाल तर मालकाकडून आधीच्या पॉलिसी मागून घ्या आणि नो क्लेम बोनस बघा. वर्षानुवर्षं चढत आलेला बोनस मध्येच शून्य झाला असेल, तर क्लेम कशाचा होता ते विचारा. मला कुणी विचारलं तर मी बैलापासून सगळं खरं सांगतो. गाडी अजून माझ्याकडेच आहे.