क्लच प्लेट आणि तिच्या आडवे येणारे सगळे

इंजिनाला सतत फिरायचे असते आणि चाकांना मधूनमधून थांबायचे असते. या दोघांचे जमावे म्हणून मध्ये क्लच असतो. जुन्या फोर-व्हील-ड्राइव्ह पिकअपमध्ये त्याचे तीन मुख्य भाग असतात: क्रँकशाफ्टला जोडलेले फ्लायव्हील, त्यावर बोल्टने बसवलेली प्रेशर प्लेट आणि या दोन्हींच्या मध्ये दाबून धरलेली क्लच प्लेट. क्लच प्लेटच्या दोन्ही अंगांना घर्षणाचे अस्तर रिव्हेटने ठोकलेले असते आणि तिच्या मधल्या खाचांत गिअरबॉक्सचा इनपुट शाफ्ट शिरतो. पेडल दाबले की रिलीज बेरिंग प्रेशर प्लेटच्या फिंगरवर रेटते आणि प्लेट मोकळी होते. पाय काढला की ती पुन्हा चिमटीत सापडते. पुढचे सगळे खर्च या चिमटीतून आणि चालकाच्या डाव्या पायातून निघतात.

प्लेट पूर्ण पकडलेली असताना झिजत नाही आणि पूर्ण सुटलेली असतानाही झिजत नाही. ती झिजते मधल्या अवस्थेत, म्हणजे हाफ क्लचवर. माळशेज घाटात पुढचा ट्रक थांबला की हँडब्रेक ओढावा, असे पुस्तकात लिहिलेले असते. जाणता चालक मात्र क्लच आणि अॅक्सिलरेटरवर गाडी चढाला तोलून धरतो आणि शेजारी बसलेल्या पाहुण्याला हे दिसले ना, याची खात्री करून घेतो. काहींचा डावा पाय पेडलवर कायमचा मुक्कामाला असतो. त्यामुळे रिलीज बेरिंगला सुटी मिळत नाही. तिसरे कारण वजन. टोमॅटोचे क्रेट भरून नारायणगावच्या बाजाराकडे निघालेल्या गाडीची क्षमता आरसी बुकात लिहिलेली असते आणि आरसी बुक घरी कपाटात असते. चौथे कारण तेल: क्रँकशाफ्टच्या मागच्या सीलमधून गळलेले तेल अस्तराला लागले, तर न झिजलेली प्लेटही सरकते.

क्लच सरकू लागल्याचे पहिले लक्षण चढावर दिसते. टॉप गिअरमध्ये अॅक्सिलरेटर दाबला की इंजिनाचा आवाज चढतो, वेग आहे तेवढाच राहतो. आवाजावरून गाडी नारायणगावात पोचलेली असते, प्रत्यक्षात ती ओतूरच्या बाहेर पडत असते. दुसरे लक्षण जळका वास. तो पहिल्यांदा आला की मालक पुढच्या गाडीकडे बोट दाखवतो. दुसऱ्यांदा आला की कोणीतरी बांधावर पाचट पेटवले असेल, असे म्हणतो. तिसऱ्यांदा पुढे गाडी नसते, बांधावर धूर नसतो, त्यामुळे निदान आपोआप होते.

खात्री करायची तर गाडी सपाट जागी उभी करून चाकांना दगड लावावेत, हँडब्रेक पक्का ओढावा आणि इंजिन चालू ठेवून वरचा गिअर टाकून क्लच सावकाश सोडावा. क्लच धड असेल तर इंजिन बंद पडते. तसेच चालू राहिले तर क्लच गेला. गाडी बंद पडल्यावर मालकाने खूश व्हावे, असा प्रसंग वाहनाच्या आयुष्यात एवढाच. गिअर करकरत पडत असतील तर मात्र दुखणे उलटे: प्लेट पकडत नाही असे नसून सुटत नाही. तिथे आधी मास्टर सिलिंडर, स्लेव्ह सिलिंडर आणि क्लच ऑइलची पातळी पाहावी. गिअरबॉक्स खाली उतरवल्यावर हे आठवून उपयोग नसतो.

सामान घेताना प्लेट, प्रेशर प्लेट आणि रिलीज बेरिंग असा पूर्ण सेट घ्यावा; पायलट बेरिंग आणि मागचे ऑइल सीलही सोबत घ्यावे. या कामात मजुरी जाते ती भाग बसवण्यासाठी कमी आणि तिथवर पोचण्यासाठी जास्त, त्यामुळे दोनदा पोचणे परवडत नाही. याच टप्प्यावर मालक म्हणतो, “मिस्त्री, फक्त प्लेट टाका, बाकी चालतंय.” मिस्त्री म्हणतो, “शेठ, गाडी तुमची आहे.” मुरलेला मालक हे ऐकून मुकाट्याने सगळा सेट आणतो. नव्या मालकाला वाटते, मिस्त्रीला पटले.

साध्या पिकअपमध्ये एक प्रॉपेलर शाफ्ट सोडवला की गिअरबॉक्स उतरवण्याचा मार्ग बराचसा मोकळा होतो. फोर-व्हील-ड्राइव्हमध्ये गिअरबॉक्सच्या पाठीला ट्रान्सफर केस चिकटलेली असते, तिच्यातून एक शाफ्ट मागच्या आणि एक पुढच्या एक्सलला जातो आणि केबिनमध्ये एक जादा दांडा वर आलेला असतो. म्हणजे प्लेट तेवढीच, तिच्या आडवे येणारे सामान जवळजवळ दुप्पट. कामाचा क्रम ठरलेला असतो. बॅटरीची निगेटिव्ह वायर काढायची. चासी घोड्यांवर टेकवायची. जॅक उचलण्यासाठी असतो, भरवसा ठेवण्यासाठी नव्हे. गिअरबॉक्स आणि ट्रान्सफर केसचे तेल आधी काढून घ्यायचे, नाहीतर ते शाफ्ट सुटल्यावर आपली वाट शोधते आणि ती वाट खाली झोपलेल्याच्या बाहीतून जाते. शाफ्टच्या फ्लँजवर पंचने खूण करायची, म्हणजे जोडताना तो होता तसाच बसतो; खडूची खूण तेलकट हाताबरोबर निघून जाते.

स्टार्टर, स्पीडोमीटरची केबल आणि रिव्हर्स लाइटची वायर सोडवावी. स्लेव्ह सिलिंडर मात्र पाइप न सोडता बोल्टपुरता काढून तारेने चासीला टांगावा, म्हणजे नंतर एअर काढत बसावे लागत नाही. तो टांगलेला असेपर्यंत कोणीही केबिनमध्ये बसून क्लच दाबू नये. अशा वेळी केबिनमध्ये मालकाचा भाचा बसलेला असतो. त्याने पेडल दाबले की पिस्टन बाहेर उडते आणि वाचलेली मेहनत व्याजासह परत येते. भाच्याला खाली उतरवून दोन्ही दांड्यांची रबरे आणि खालचा पत्रा काढावा. पत्र्याखाली बाजार समितीच्या जुन्या पावत्या, तंबाखूची डबी आणि दहाचे एक नाणे निघते. पावत्यांवर कोणी हक्क सांगत नाही.

गिअरबॉक्स इंजिनाला जोडणाऱ्या बेल हाउसिंगचे खालचे बोल्ट कोणीही काढतो. मिस्त्रीची पारख वरच्या बोल्टांवर होते. तिथे नजर जाते तर हात जात नाही, आणि हात गेला तर पाना फिरत नाही. त्यासाठी इंजिनाच्या संपखाली लाकडी ठोकळा देऊन जॅक लावतात, गिअरबॉक्सखालचा क्रॉसमेंबर काढतात आणि इंजिनाची मागची बाजू जराशी खाली झुकवतात. मग लांब एक्स्टेन्शनच्या टोकाला वाकणारा जोड आणि गोटी लावून ती ट्रान्सफर केसच्या वरून पुढे सरकवतात. खाली मिस्त्री आडवा, वर बॉनेटमध्ये वाकून पोऱ्या टॉर्च धरून. “बसली का रे?” “बसली.” “बोल्टवरच ना?” यावर वरून लगेच उत्तर येत नाही. बहुतेक वेळा ती शेजारच्या पाइपच्या क्लॅम्पवर बसलेली असते.

सगळे बोल्ट निघाल्यावर गिअरबॉक्स सरळ मागे ओढावा. इनपुट शाफ्ट प्लेटमध्ये अडकलेला असताना त्यावर वजन लोंबकळू देऊ नये, शाफ्ट किंवा प्लेटचा हब वाकतो. वजन ट्रॉली-जॅकवर घ्यावे, मिस्त्रीच्या छातीवर घेऊ नये. दुसऱ्या पद्धतीला महाराष्ट्रात बरीच लोकमान्यता असली तरी तिची शिफारस करता येत नाही. प्रेशर प्लेटचे बोल्ट समोरासमोरचे, थोडेथोडे सैल करावेत. एकच बोल्ट आधी काढला तर कव्हर पिळवटते.

जुनी प्लेट बाहेर येते तेव्हाच चहा येतो आणि चहाबरोबर माणसे येतात. प्लेट हातोहात फिरते, प्रत्येकजण ती नखाने खरवडून “संपली” असा निर्वाळा देतो. निदान उशिराचे असले तरी त्यावर दुमत नसते. आतली काळी भुकटी मात्र हवेच्या पाइपने उडवू नये. जुन्या अस्तरांत अॅस्बेस्टॉस असे आणि त्याची धूळ फुप्फुसांना घातक असते. ओल्या फडक्याने पुसून घ्यावी. अस्तर रिव्हेटपर्यंत गेले असेल तर फ्लायव्हीलवर गोल चरे दिसतात, तापल्यामुळे निळे डागही पडतात. केसासारख्या भेगा खोल असतील तर फ्लायव्हील बदलावे, नसतील तर लेथवर फेस मारून घ्यावे. लेथवाला “संध्याकाळी देतो” म्हणतो. कोणत्या, हे विचारण्याचा प्रघात नाही.

तोवर पायलट बेरिंग काढता येते. क्रँकशाफ्टच्या टोकाच्या खळग्यात बसलेले हे चिमुकले बेरिंग मागून पकडायला जागाच नसते. म्हणून खळग्यात गच्च ग्रीस भरतात, बेरिंगच्या भोकात नेमका बसेल असा गोल दांडा घालून त्यावर हातोडी मारतात. ग्रीस दबत नाही आणि त्याला पळायला वाट नसते, त्यामुळे ते बेरिंगला मागून रेटते. आणखी ग्रीस, आणखी ठोका, आणि बेरिंग सुतासुताने बाहेर येते. पास्कलचा नियम शाळेत ज्याच्या डोक्यावरून गेला, त्याला तो इथे समजतो. दांडा सैल असला तर थेट तोंडावर येऊन समजतो.

जोडणी उलट्या क्रमाने होते, पण तिच्यात सांभाळायच्या गोष्टी वेगळ्या. प्लेटची फ्लायव्हीलकडची बाजू तिच्यावरच लिहिलेली असते. उलटी बसली तर हब फ्लायव्हीलच्या बोल्टांना घासतो आणि ते सगळे जोडून झाल्यावर कळते. प्लेट बरोबर मध्यावर धरायला भंगारातला जुना इनपुट शाफ्ट वापरतात. खाचांना ग्रीसचा नुसता हात लावावा. जास्त झाले तर ते फिरून अस्तरावर जाते आणि नवा क्लच पहिल्याच दिवशी जुन्यासारखा वागतो. मग गिअरबॉक्स चढवताना “अजून एक सूत” ही घोषणा सुरू होते. ते एक सूत बोल्ट आवळून ओढून घेऊ नये. गिअर टाकून मागची फ्लँज हाताने थोडी फिरवली की खाचा जुळतात आणि गिअरबॉक्स आपसूक आत सरकतो. शेवटी गिअरबॉक्सचे तेल भरावे आणि ट्रान्सफर केसचे वेगळे भरावे. हे दुसरे तेल राहून जाते, कारण ते आठवण्याचे काम प्रत्येकाने दुसऱ्यावर सोपवलेले असते.

पेडलला थोडी मोकळी चाल असावी, म्हणजे पाय काढल्यावर रिलीज बेरिंग फिंगरला रेटत नाही. पहिले काहीशे किलोमीटर घाट आणि जड भर टाळावा. तेवढ्यात अस्तर फ्लायव्हीलवर नीट बसते. हा सल्ला टोमॅटोच्या हंगामात दिला तर मालक मान डोलावतो आणि मागे क्रेट चढत राहतात.

नवी प्लेट टिकवण्याचा उपाय गाडीतच असतो. महिंद्राने विलीज जीप जोडायला सुरुवात केली तेव्हापासून गिअरच्या शेजारचा दुसरा दांडा आपल्याकडे ओळखीचा आहे. तो लो रेंजमध्ये टाकला की चाकांवरचा जोर साधारण अडीचपट होतो आणि गाडी तेवढीच हळू चालते. शेताच्या चढावर भरलेली गाडी हाफ क्लच न धरता रांगत वर येते. कोरड्या डांबरी रस्त्यावर तो टाकू नये. या गाड्यांत पुढचा आणि मागचा एक्सल यांच्या दरम्यान डिफरन्शियल नसते, त्यामुळे वळणावर दोन्ही एक्सल एकमेकांना पिळतात. चिखल, रेती आणि पाणंदीचा चढ ही त्याची जागा. बऱ्याच जुन्या गाड्यांत मात्र त्याआधी खाली उतरून पुढच्या चाकांचे हब हाताने फिरवून लॉक करावे लागतात, आणि त्याची गरज पडते तेव्हा चाके चिखलात असतात. चिखलात पाय घालण्यापेक्षा क्लचवर पाय ठेवणे बहुतेकांना सोयीचे वाटते, म्हणून स्पेअर पार्टच्या दुकानात क्लच सेट मागे शोधावा लागत नाही. तो पुढच्याच फळीवर असतो.