पैठणचे मोदक आणि मॅक्रो

मॅक्रो लिहिणं म्हणजे कोड लिहिणारा कोड लिहिणं. हे वाक्य संभाजीनगरात चहाच्या टपरीवर कुणाला ऐकवलं, तर तो क्षणभर आपल्याकडे बघतो आणि चहाचे पैसे आपल्यालाच द्यायला लावतो. म्हणून हल्ली मी पैठणची गोष्ट सांगतो.

शहरापासून पन्नासेक किलोमीटरवरचं पैठण ही सातवाहनांची राजधानी. 'कथासरित्सागरा'त तिथला राजा राण्यांबरोबर जलक्रीडा करतोय. (आठवडा-आठवडा नळाची वाट बघणाऱ्यांनी हा प्रसंग मन घट्ट करून वाचावा, नाथसागर जलाशय पैठणलाच आहे.) दमलेली राणी संस्कृतात म्हणाली, पाणी नको उडवू. 'मा' आणि 'उदकैः' यांचा संधी होऊन झालं 'मोदकैः'. राजाने ताबडतोब मोदक मागवले. राणी हसली, राजाने लाजेने अंथरूण धरलं.

मला हा राजा फार जवळचा वाटतो, कारण मॅक्रोतही असाच घोटाळा होतो. क्लोजरसारख्या भाषेत मॅक्रोच्या हाती कोड येतो तो कच्चा, अर्थ लागायच्या आधीचा, कंसांत बांधलेली नुसती यादी. तिची मोडतोड करून तो नवा कोड रचतो, आणि मग तो चालतो. चूक निघते ती नेमकी अशा ठिकाणी, जिथलं अक्षरही आपण लिहिलेलं नसतं. १९६३ मध्ये टिमथी हार्टने लिस्प भाषेसाठी मॅक्रो सुचवले, तेव्हापासून माणसं पाणी नको म्हणताहेत आणि ताटात मोदक पडताहेत. मॅक्रोच्या पोटातलं एखादं नाव आणि तुमच्या कोडमधलं नाव सारखंच निघालं, की दोघांचा गुपचूप संधी होतो! क्लोजरमध्ये त्यावर उपाय आहे: नावाच्या शेपटीला # लावलं, की दरवेळी नवंकोरं नाव तयार होतं. आणि मॅक्रोएक्स्पांड म्हटलं, की कशाचं काय झालं ते उघडं दिसतं. राणीच्या वाक्याचा असा विग्रह समोर आला असता, तर स्वयंपाकघराची धावपळ वाचली असती.

तिकडे पैठणात आता राजाला व्याकरण कोण शिकवणार? दरबारातला गुणाढ्य म्हणाला, बारा वर्षांचं काम मी सहा वर्षांत करतो. दुसरा दरबारी शर्ववर्मा म्हणाला, सहा महिन्यांत. पैज लागली. कार्तिकेयाच्या कृपेने त्याला 'कातंत्र' व्याकरण मिळालं आणि त्याने पैज जिंकली. सहा महिन्यांची मुदत सांगून ती पाळणारा माणूस आमच्या धंद्यात मी अजून पाहिलेला नाही, पण कार्तिकेयही आमच्या टीमवर नाही.

मला जास्त ओळखीचा वाटतो तो गुणाढ्य. पैज हरल्यावर त्याने संस्कृत, प्राकृत आणि देशी, तिन्ही भाषा सोडल्या आणि सात लाख श्लोकांची 'बृहत्कथा' पैशाची भाषेत लिहिली. राजाने ती झिडकारली. मग तो रानात पशुपक्ष्यांना एकेक पान वाचून दाखवी आणि आगीत टाकी. ते कळून राजा पोचेपर्यंत एक लाखच श्लोक उरले होते.

मॅक्रोवर मॅक्रो रचून स्वतःपुरती भाषा उभी करणारा असा एक गुणाढ्य बहुतेक ऑफिसांत असतो. ती दुसऱ्या कुणाला वाचता येत नाही, आणि एके दिवशी तो पुण्यात किंवा बंगळुरूत नोकरी धरतो. पण आमच्याकडे जाळत काही नाहीत. सोमवारी रुजू झालेल्या मुलाला बसवून ते बाड त्याच्या स्वाधीन करतात, आणि शुक्रवारपर्यंत त्यात एक बटण वाढवून द्यायला सांगतात.