काका हॅनोव्हरात, गाडी आफ्रिकेला

हॅनोव्हर, रविवार, २३ जून २०२४

ती. सौ. काकूंना,


फोन करायचा सोडून पत्र लिहितेय, कारण फोन लावला की काका शेजारी येऊन उभे राहतात आणि मी तोंड उघडायच्या आत 'सगळं उत्तम चाललंय म्हणून सांग' असं बजावतात. तेव्हा उत्तम म्हणजे काय काय, ते या पत्रात वाचा. आज रविवार असल्यामुळे मला वेळ आहे. काकांनाही आहे, पण ते पुढे येईलच.

तर, काकांची हिमालयन मोटरसायकल पोचली. काका कधीचेच पोचलेत. पण खरी भ्रमंती कुणी केली म्हणाल तर ती गाडीने. काका विमानात झोपले आणि उठले ते आमच्या सोफ्यावर बसायला. गाडी मात्र न्हावा शेव्याहून निघाली, विषुववृत्त ओलांडून खाली गेली, केप ऑफ गुड होपला वळसा घालून अटलांटिकात पुन्हा विषुववृत्त ओलांडून वर आली आणि हॅम्बुर्गला लागली. वास्को द गामा ज्या वाटेने आपल्याकडे आला, त्याच वाटेने आपली एमएच ११ उलटी आली.

सुएझने आली असती तर लवकर आली असती. पण लाल समुद्रात हुथींनी गेल्या नोव्हेंबरपासून जहाजांवर हल्ले सुरू केले, तेव्हापासून बहुतेक मोठ्या कंपन्यांची कंटेनर जहाजं आफ्रिकेला वळसा घालतात, आणि दहा-पंधरा दिवस जास्त लागतात. हे तुमच्या पुतण्याने काकांना विमानाचं तिकीट काढण्याआधी सांगितलं होतं. काका म्हणाले, "ते मोठ्या मालाचं असेल रे. आपली एकच गाडी आहे."

त्यात शेंगेन व्हिसा नव्वद दिवसांचा. तो काका उतरल्या दिवसापासून मोजला जातो, गाडी उतरल्या दिवसापासून नाही. नॉर्वेच्या वरच्या टोकाला, नॉर्थ केपला जाऊन मध्यरात्रीचा सूर्य बघायचा हा सगळा बेत. आणि तो सूर्य तिथे जुलैअखेरपर्यंतच मावळायचा थांबतो. म्हणजे इकडे काकांचे दिवस चाललेत, तिकडे सूर्याचे, आणि गाडी मादागास्करच्या बाजूला कुठेतरी. काका सकाळी चहाच्या आधी मोबाइलवर जहाजाचा ठिपका बघायचे. जहाज किनाऱ्यापासून लांब गेलं की फुकटच्या नकाशावरून ठिपका नाहीसा होतो. ते कळेपर्यंत एक अख्खी सकाळ काका जेवले नव्हते. तुमचा फोन आला तेव्हा 'पोटाला जरा आराम देतोय' म्हणाले ना, तो आराम हा.

आता गाडीच्या पेटीबद्दल. सातारच्या सुताराने आंब्याच्या फळ्यांची केलेली पेटी न्हावा शेव्याच्या एजंटाने परत पाठवली, हे तुम्हाला माहीतच आहे. का, ते मला इथे आल्यावर काकांनी समजावलं. कच्च्या लाकडातून भुंगे-किडे परदेशात जाऊ नयेत म्हणून लाकूड गाभ्यापर्यंत ५६ अंशांवर अर्धा तास तापवावं लागतं, आणि तसा शिक्का फळीवर मारलेला असावा लागतो. काकांचं म्हणणं, मे महिन्यात आपल्या गच्चीवर ठेवलं असतं तरी तेवढं तापलं असतं. असेल. पण गच्ची शिक्का मारत नाही.

आणि भाडं. समुद्रातून जाणाऱ्या मालाचं भाडं वजन आणि आकारमान यांत जे जास्त भरेल त्यावर धरतात: एक टन किंवा एक घनमीटर. हिमालयन १९६ किलोची, पण पेटी अडीच घनमीटरची, म्हणजे पैसे अडीच टनांचे. म्हणून काकांनी पुढचं चाक, हँडल, आरसे, काच सगळं सोडवून पोटाशी बांधलं. पेट्रोल काढून टाकलं, बॅटरीची तार सोडवली, कारण जहाजाच्या दृष्टीने मोटरसायकल हा धोकादायक माल असतो. (काकू, हे तुम्ही लग्न झाल्यापासून म्हणताय.) एवढं करून जे वाचलं ते हॅम्बुर्गला उतरवणावळ, हाताळणी, कागदपत्रं आणि गोदाम यांत गेलं. समुद्र स्वस्त आहे काकू, किनारे महाग आहेत.

हॅम्बुर्गला जहाज लागलं आणि संप झाला. उत्तर समुद्रावरच्या बंदरांतल्या कामगारांनी या महिन्यात पगारवाढीसाठी इशारा-संप केले. त्यांच्या संघटनेचं नाव वेर्डी. आता काका पडले एसटीच्या कार्यशाळेतले. २०२१ सालच्या एसटीच्या संपात, निवृत्त झालेले असूनही, ते रोज मांडवात जाऊन बसायचे. त्यामुळे त्यांची फारच ओढाताण झाली. सकाळी म्हणायचे, कामगारांचं बरोबर आहे, महागाई बघा केवढी. दुपारी म्हणायचे, निदान आपली पेटी तेवढी उतरवून मग बसायचं. संध्याकाळी तुमच्या पुतण्याला विचारलं, त्यांचा मांडव कुठे आहे, जाऊन भेटून येऊ का.

शेवटी बोलावणं आलं आणि आम्ही तिघं दीडशे किलोमीटर हॅम्बुर्गला गेलो. काका कडक इस्त्रीच्या शर्टात, छातीशी कार्ने. गाडी तात्पुरती परदेशात नेण्यासाठी मुंबईच्या वेस्टर्न इंडिया ऑटोमोबाइल असोसिएशनने दिलेली ती जाडजूड वही. तिच्या प्रत्येक पानाचे तीन तुकडे: एक देशात शिरताना फाडायचा, एक बाहेर पडताना, आणि एक वहीत राहतो, शिक्क्यासकट. कस्टमच्या अधिकाऱ्याने वही उलटसुलट पाहिली आणि परत दिली. इथे लागत नाही म्हणे. युरोपाबाहेर राहणारा माणूस स्वतःची गाडी घेऊन फिरायला आला, तर सहा महिने तिला शुल्क नाही. काकांना हे अजिबात आवडलं नाही. त्यांनी वही पुन्हा पुढे सरकवली, बोटाने रिकामी चौकट दाखवली आणि म्हणाले, "स्टॅम्प, प्लीज." तो नाही म्हणाला. हे तीनदा झालं.

मग त्याने डिकी उघडायला सांगितली.

काकू, पान्यांच्या पिशवीत कंदी पेढे कुणी ठेवले होते, हे मी विचारत नाही. मोदींच्या दुकानाचे की लाटकरांचे, तेही नाही. एवढंच सांगते की दुधाचे पदार्थ बाहेरून युरोपात आणायला बंदी आहे, आणि दोनदा विषुववृत्त ओलांडलेल्या पेढ्याला बंदी नसती तरी कुणी हात लावला नसता. अधिकाऱ्याने दोन बोटांत धरून तो उजेडात पाहिला. काका म्हणाले, "स्वीट. फ्रॉम वाइफ." खाऊन दाखवायचीही तयारी दाखवली. तो घाईघाईने नको म्हणाला. पेढे नष्ट केल्याचा एक फॉर्म भरला गेला, काकांनी सही केली, आणि त्यावर त्याने खणखणीत शिक्का मारला. काकांनी तो कागद व्यवस्थित घडी घालून कार्नेच्या त्या रिकाम्या पानात ठेवलाय. आता त्यांचं समाधान झालंय.

गाडी भाड्याच्या टेम्पोतून आणली आणि खालच्या मजल्यावरच्या आजींच्या गॅरेजमध्ये ठेवली. या आजींना मराठी येत नाही, काकांना जर्मन येत नाही, आणि दोघांचं रोज तासभर बोलणं होतं. त्यांनी आपल्या यजमानांची हत्यारांची पेटी काढून दिली. मडगार्डवर 'आईवडिलांचा आशीर्वाद' लिहिलंय ते त्यांनी मला वाचून दाखवायला लावलं. अर्थ सांगितल्यावर विचारलं, ही विमा कंपनी का? विमाही घ्यावा लागला बरं का, वेगळा, कारण आपला भारतातला इथे चालत नाही.

मधल्या काळात काकांनी हॅनोव्हर पालथं घातलं. फुटपाथवर एक लाल पट्टा रंगवलाय, त्यावरून चाललं की गावातलं सगळं बघण्यासारखं बघून होतं. काकांनी तो उलट्या बाजूनेही केला. स्टेशनासमोर राजा एर्न्स्ट आउगुस्टचा घोड्यावरचा पुतळा आहे आणि इथली माणसं एकमेकांना 'शेपटाखाली भेटू' असं सांगतात. काका आता तुमच्या पुतण्याला ऑफिसातून येताना तिथेच बोलावतात. कॉन्टिनेंटल टायरची कंपनी याच गावची, १८७१ सालची, हे कळल्यावर तिच्या इमारतीसमोर त्यांनी हात जोडले. एसटीत आयुष्य गेलं त्यांचं, टायरला पाय लागला तरी नमस्कार करतात. आणि कुणी 'या वयात कशाला' म्हणालं की १९२३ साली मुंबईहून सायकलवर जगप्रदक्षिणेला निघालेल्या पारशी तरुणांची गोष्ट सुरू होते. त्यांतले तिघं १९२८ला ती पुरी करून परतले. ते विशीत होते, हा भाग काका सांगत नाहीत.

आज सकाळपासून गाडी पुढच्या चाकाशिवाय उभी आहे. रविवारी इथे ठोकाठोक, घरघर काही करायचं नाही असा कायदा. आजींनी गॅरेजच्या दाराशी येऊन बोट ओठांवर ठेवलं. काका स्टुलावर बसून गाडीकडे बघतायत, गाडी काकांकडे. उद्या चाक बसेल, पेट्रोल भरेल, नारळ फुटेल (आवाज सोमवारी चालतो, विचारून ठेवलंय) आणि परवा पहाटे निघतील. नॉर्थ केप इथून तीनेक हजार किलोमीटर. गुडघ्याचं तेल आणि गोळ्या मी टाकीवरच्या पिशवीत ठेवल्यात, पेढ्यांच्या जागी नाही.

परवा वटपौर्णिमेला तुम्ही वडाला फेऱ्या मारत होतात तेव्हा काका इथे बॅटरी चार्जिंगला लावत होते. तेवढी वेळ साधली गेली.

पोरं बरी आहेत. थोरला काकांच्या नादाने वेर्डीचं निशाण काढायला शिकलाय.

तुमची,
सूनबाई

ता. क. परतीला गाडी पुन्हा समुद्रानेच जाणार. काल रात्री जेवताना काका विचारत होते की मालवाहू जहाजावर माणसालाही जागा मिळते का, म्हणजे गाडीबरोबरच येता येईल. मी 'बघते' म्हणालेय. तुमचं काय मत आहे ते लवकर कळवा, म्हणजे मिळत नाही असं सांगायचं की नाही ते ठरवता येईल.