भारलेला माणूस

याच्या शर्टाची उजवी बाही कोपरापर्यंत दुमडलेली असते, आणि ती उकाड्यामुळे नव्हे. मनगटावरचा चुंबकीय पट्टा समोरच्याला दिसावा, त्याने विचारावं, आणि न विचारल्यास आपण होऊन सांगायला निमित्त मिळावं, एवढ्यासाठी ती दुमडलेली असते. पट्टा ही फक्त सुरुवात. गळ्यात ऋण आयनांचं पदक, मोबाइलच्या पाठीवर किरणं अडवणारी सोनेरी चकती, पलंगावर चुंबकाची गादी, आणि स्वयंपाकघरात माठ हलवून त्याच्या जागी बसवलेलं अल्कलाईन पाण्याचं मशीन. याला कुणी भोळा समजू नये. हा बहुधा विज्ञान शाखेचा पदवीधर असतो, बँकेतून किंवा वीज मंडळातून सन्मानाने निवृत्त झालेला. गॅसचा सिलिंडर वजन केल्याशिवाय घरात घेत नाही. भाजीवालीच्या तराजूचा काटा स्थिर होईपर्यंत पैसे काढत नाही. डॉक्टरांनी रक्त तपासायला सांगितलं की ‘लॅबवाल्याशी साटंलोटं असणार’ हे जिना उतरायच्या आत ओळखतो. संशय त्याच्याकडे भरपूर आहे, फक्त त्याचं तोंड एकाच दिशेला आहे. पट्टा विकणाऱ्याचा त्यात काय फायदा, हा प्रश्न त्याला पडत नाही, कारण पट्टा विकणारा आता तो स्वतःच असतो. खाली दोन माणसं जोडली की तिसऱ्यावर कमिशन सुरू होतं.

अशा मित्राला आपण भौतिकशास्त्र समजावायला जातो, आणि तिथेच फसतो. रक्तात लोह असतं, म्हणून चुंबक ते खेचून रक्ताभिसरण वाढवतो, असं तो सांगतो. त्यावर आपण म्हणतो की हिमोग्लोबिनमधलं लोह खिळ्यातल्या लोखंडासारखं वागत नाही. ऑक्सिजन वाहणाऱ्या रक्ताला तर चुंबक अगदी किंचित दूरच ढकलतो. एमआरआयच्या यंत्रात बहुधा दीड ते तीन टेस्लाचं चुंबकक्षेत्र असतं, पट्ट्याच्या कितीतरी पट. चुंबकाने रक्त ओढलं गेलं असतं, तर त्या यंत्रातून माणूस जिवंत बाहेर आला नसता. मुद्दा बिनतोड आहे आणि पूर्ण निरुपयोगी आहे. तो शांतपणे म्हणतो, ‘ते असेल. पण मला फरक पडला.’ पाण्याचंही तेच. जठरातल्या आम्लात ते अल्कलाईन पाणी पडताच त्याचा अल्कलीपणा संपतो, आणि रक्ताचा सामू ७.३५ ते ७.४५ च्या दरम्यान राखायला फुप्फुसं आणि मूत्रपिंडं बिनपगारी बसलेली आहेत, हे ऐकून तो आपल्याला त्याच पाण्याचा एक पेला देतो. त्याचा विश्वास पुस्तकातून आलेला नाही, म्हणून पुस्तकाने जात नाही. तो अनुभवातून आला आहे, आणि गंमत म्हणजे तो अनुभव खरा आहे.

कसा आला, ते पाहण्याजोगं आहे. हॉटेलच्या एखाद्या छोट्या हॉलमध्ये चहा-बिस्किटांनंतर टाय लावलेला तरुण याला पुढे बोलावतो, हात आडवा पसरायला सांगतो आणि खाली दाबतो. याचा तोल जातो. मग पट्टा चढवतो, पुन्हा दाबतो, आणि हा देवळाच्या खांबासारखा उभा राहतो. दुसऱ्या वेळी अंगाला धक्क्याची कल्पना असते, शिवाय दाबणाऱ्याने जोर थोडा शरीराच्या बाजूला वळवला की तोल सांभाळला जातो, हे प्रेक्षकांतल्या कुणाच्याही ध्यानात येत नाही. असेच तोल सुधारणारे पट्टे विकणाऱ्या पॉवर बॅलन्स कंपनीला, आपल्या दाव्यांना विश्वासार्ह वैज्ञानिक पुरावा नाही, हे ऑस्ट्रेलियात २०१० मध्ये जाहीरपणे कबूल करावं लागलं होतं. पाय बुडवून ‘विषारी द्रव्यं’ काढणाऱ्या टबाचं नाटक आणखी देखणं आहे. मिठाच्या पाण्यात लोखंडी पट्ट्यांतून वीज सोडली की त्या गंजतात आणि पाणी तपकिरी होतं. पाय नसले तरी होतं. ब्रिटिश डॉक्टर-लेखक बेन गोल्डेकर यांनी बार्बी बाहुलीचे पाय बुडवून तसलंच पाणी दाखवलं. त्या बाहुलीच्या शरीरात कोणती विषं साठली होती, हे कंपन्यांनी अजून सांगितलेलं नाही.

पण खरा विक्रेता तो टायवाला नव्हे, गुडघा आहे. संधिवाताची दुखणी एका पातळीवर राहत नाहीत. आठ दिवस बरी, चार दिवस वाईट, पावसाळी हवेत आणखी वाईट, असा त्यांचा चढउतार चालूच असतो. गुडघा ठीक असताना कुणी पट्टा विकत घेत नाही. माणूस खिशात हात घालतो तो दुखणं शिगेला पोचलं की. आणि शिगेला पोचलेलं दुखणं, काहीही केलं किंवा काहीच केलं नाही, तरी बहुतेक वेळा उतरतंच. औषधावाचून खोकला गेला, पण जाताना त्याला गळ्यात पदक दिसलं. म्हणजे याचा ‘फरक पडला’ हा शब्द खोटा नाही. फरक कशाने पडला, एवढंच त्यातून कळत नाही. ते कळायला तुलनेची सोय लागते.

ही सोय जुनी आहे. १७९६ मध्ये अमेरिकेत एलिशा पर्किन्स या वैद्याने दोन टोकदार धातूच्या कांड्यांचं पेटंट घेतलं. दुखऱ्या जागेवरून त्या फिरवल्या की वेदना ‘ओढली’ जायची. कांड्या समुद्र ओलांडून इंग्लंडात गेल्या आणि तिथेही खपू लागल्या. १७९९ मध्ये बाथ शहरात जॉन हेगार्थ या डॉक्टरांनी लाकडाच्या कांड्या धातूसारख्या रंगवल्या आणि संधिवाताच्या पाच रुग्णांवर फिरवल्या. चौघांना आराम पडला. दुसऱ्या दिवशी अस्सल कांड्या फिरवल्या, तर निकाल तसाच. मनगटी पट्ट्यांचीही अशी परीक्षा झाली आहे. यॉर्क विद्यापीठातल्या संशोधकांनी संधिवाताच्या ७० रुग्णांना चुंबकाचे, कमी शक्तीच्या चुंबकाचे, बिनचुंबकाचे आणि तांब्याचे असे चार पट्टे पाळीपाळीने घालायला दिले. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेला निष्कर्ष असा की वेदनेत किंवा सुजेत त्यांचा काही उपयोग दिसला नाही. मित्राला हे सांगितलं की तो म्हणतो, ‘त्यांचे पट्टे ओरिजिनल नसतील.’ मग घरातच वहिनींनी सारखे दिसणारे दोन पट्टे आलटून पालटून बांधावेत आणि याने रोज दुखण्याला गुण द्यावेत, असं सुचवावं. तेव्हा प्रथमच समजतं की पट्ट्याला श्रद्धाही लागते. कालपर्यंत ते क्वांटम विज्ञान होतं.

एक आक्षेप मात्र विचार करण्यासारखा आहे: बरं वाटतंय ना, मग तुमचं काय गेलं? हेगार्थसुद्धा हेच लिहून गेले की कल्पनेने माणूस आजारी पडतो तसा सुधारतोही. मान्य. पण मग किंमत लाकडाच्या कांडीची घ्यावी, क्वांटमची नव्हे. शिवाय अपाय नाहीच असंही नाही. २०२१ च्या अखेरीस नेदरलँड्सच्या अणुसुरक्षा यंत्रणेने मोबाइलच्या लहरींपासून ‘संरक्षण’ देणारी दहा उत्पादनं न वापरण्याचा इशारा दिला, कारण ती स्वतःच किरणोत्सारी होती. आणि त्याहून मोठी अडचण मोजमापाची आहे. गुडघा निदान दुखतो तरी, त्यामुळे त्याच्या बाबतीत ‘बरं वाटतंय’ या वाक्याला काही अर्थ आहे. रक्तदाब दुखत नाही. वाढलेली साखर बहुधा पुष्कळ दिवस जाणवतही नाही. तिथे ‘मला छान वाटतं’ हे मापच चालत नाही, आणि याच्याकडे तेवढं एकच माप आहे.

तेव्हा चुंबकावर वाद घालण्यात संध्याकाळ घालवू नये. पट्टा खुशाल घालू द्यावा आणि एवढंच विचारावं, की बीपीची गोळी चालू आहे ना? बहुतेक वेळा चालू असते, कारण ती वहिनींच्या ताब्यात असते. ‘घेतो की रोज,’ तो म्हणतो, ‘पण प्रेशर कंट्रोलमध्ये आलं ते पट्ट्यानंच. गोळी काय, डॉक्टरांना वाईट वाटू नये म्हणून.’