डोक्याला मार लागला तर?

मुलगी सोळा वर्षांची, अकरावीला, आणि तिला बॉक्सिंग शिकायचंय. छत्रपती संभाजीनगरच्या सिडकोतल्या तिच्या घरात संमतीपत्र टीव्हीखाली पडून आहे. त्यावर आईची सही नाही, बाबांचीही नाही. चहाच्या कपाचा गोल डाग तेवढा आहे.

आईची हरकत नाकाची. मोडलं तर उद्या स्थळं कशी येणार? आजी म्हणते, पोरीच्या जातीनं मारामाऱ्या कशाला? (मुलींचं बॉक्सिंग २०१२ पासून ऑलिम्पिकमध्ये आहे, ही बातमी आजीपर्यंत पोचायची आहे.) शिवाय सराव पहाटे, आणि नेमकं तेव्हाच नळाला पाणी आलं तर भरणार कोण? या शहरात पाणी कितव्या दिवशी येतं हे वाचकांना सांगायला नको. पोरांनी कोणता खेळ खेळावा हेही इथं शेवटी लाइनमनच ठरवतो.

बाबांचा मुद्दा मात्र शास्त्रीय. "डोक्याला मार लागला तर?"

रास्त आहे. डोक्यावरच्या ठोशांनी मेंदूला इजा होऊ शकते, यात वाद नाही. म्हणूनच या वयाच्या मुलामुलींना हेडगार्डशिवाय लढतीत उतरवत नाहीत. दातांना माऊथगार्ड लागतं, लढतीआधी तपासणी होते, रिंगच्या कडेला डॉक्टर बसलेला असतो. खेळाडू डळमळला की पंच आठपर्यंत आकडे मोजतो आणि गरज वाटली तर लढतच थांबवतो. डोक्यावर ठोसे बसून लढत थांबवावी लागली, तर पुढचे किमान ३० दिवस सक्तीची विश्रांती. पोरीनं हे सगळं घडाघडा सांगितलं. बाबांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "ते ठीक आहे गं. पण डोक्याला मार लागला तर?"

मग त्यांनीच तिच्या हातात स्कूटीची किल्ली दिली. क्लासची वेळ झाली होती.

आता ही स्कूटी. ११० सीसीची. सोळाव्या वर्षी परवाना मिळतो तो ५० सीसीपर्यंतच्या बिनगिअरच्या गाडीचा. तसली गाडी शोरूममध्ये कुणाला दिसली तर कृपया कळवावं. घरात हेल्मेट नाही असं मात्र कुणी म्हणू नये. आहे ना! ते आरशाला लटकतं, नाहीतर डिकीत असतं, आणि बाजाराच्या दिवशी त्यात कोथिंबीर येते. डोक्यावर घातलं की केस बसतात, उकडतं, आणि इथल्या इथं काय घालायचं? इथल्या इथं म्हणजे सिडकोपासून जालना रोडनं क्रांती चौक आणि तिथून उस्मानपुरा. मागे एक मैत्रीण, तिच्या मागे दुसरी, मधे फिजिक्सच्या नोट्स. बाजूला ट्रॅव्हल्सची बस, उलटीकडून येणारी रिक्षा, खड्डा, खड्ड्यात टाकलेला मुरूम आणि मुरमावरून सटकणारं चाक. इथं पंच नाही, आठ आकडे मोजणारं कुणी नाही, आणि डॉक्टर गाठायचा तर हाच रस्ता पुन्हा कापायचा. क्लासला पाच मिनिटं उशीर होऊ नये म्हणून आईबाप पोटच्या पोरांना रोज उघड्या डोक्यानं या गर्दीत सोडतात, आणि हेडगार्ड घालून खेळायच्या खेळाला वर तोंड करून धोकादायक म्हणतात! अहो, निदान त्या हेल्मेटचा पट्टा शाबूत आहे का, एवढं तरी बघा.

शेवटी पैठणगेटचा मामा कामी आला. आत्मविश्वास, स्वसंरक्षण असल्या भानगडीत तो पडलाच नाही. "दाजी, सरकारी नोकरीत खेळाडूंना ५ टक्के जागा राखीव असतात. बारावीला क्रीडा गुण मिळतात ते वेगळेच." बाबांनी पेन मागितलं. त्यासाठी आधी स्पर्धांत पदकं मिळवावी लागतात, हे मामानं सांगितलं नाही आणि बाबांनी विचारलं नाही. नाकाचा प्रश्न आईनं अजून राखून ठेवलाय.

सही करताना बाबांनी कागद दोनदा वाचला. उद्या काही झालं तर आपल्यावर यायला नको. त्यांच्या माहितीसाठी: मोटार वाहन कायद्यातल्या २०१९ च्या दुरुस्तीनुसार अल्पवयीन मुलाच्या हाती गाडी दिली आणि गुन्हा घडला, तर पालकाला ३ वर्षांपर्यंत कैद आणि २५ हजार रुपये दंड, गाडीची नोंदणी १२ महिने रद्द आणि मुलाला वयाची २५ वर्षं होईपर्यंत परवाना नाही. बॉक्सिंगच्या संमतीपत्रावर सही केल्याबद्दल कुठल्याही कलमात शिक्षा नाही.